फोर्ट, नरिमन पॉइंट, बीकेसी: ऑफिसं जागा कशी निवडतात?

फोर्टातल्या जुन्या इमारतींच्या दारात पाट्यांची भिंत असते. ॲडव्होकेट, सॉलिसिटर, चार्टर्ड अकाउंटंट, नोटरी, पेटंट एजंट, कंपनी सेक्रेटरी, इन्शुरन्स ब्रोकर. काही पाट्या पितळी, काही प्लास्टिकच्या, काही हाताने रंगवलेल्या. वर जायला लाकडी जिना किंवा जाळीची लिफ्ट. या खोल्यांत कोणतीही वस्तू तयार होत नाही, गोदाम लागत नाही, रस्त्यावरून जाणारं गिऱ्हाईक सहज म्हणून आत शिरत नाही. सगळं काम कागदावर आणि संगणकावर. मग ही मंडळी देशातल्या सर्वांत महागड्या जमिनींपैकी एका जमिनीवर दाटीवाटीने का बसली आहेत? लॅपटॉप घेऊन नाशिकला किंवा रत्नागिरीला बसलं, तर हेच काम कितीतरी कमी खर्चात व्हायला हवं.

कोडं इथे संपत नाही. ज्या बँकांचे करार या खोल्यांत लिहिले जात, त्यांतल्या बऱ्याच बँकांची मुख्यालयं वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत गेली. हिशेब आणि संगणकाची कामं ऐरोली, ठाणे, मालाडकडे गेली. शेअर दलालांनी दलाल स्ट्रीट सोडली, पण वकील हायकोर्टाच्या आसपासच राहिले. शहर एक, व्यवसायही एकमेकांना बांधलेले, तरी कोणी हललं आणि कोणी हललं नाही.

या सगळ्या संस्थांना अर्थशास्त्रात ‘व्यवसाय-सेवा’ म्हणतात. त्या घरगुती गिऱ्हाइकाला नव्हे, तर मुख्यतः दुसऱ्या व्यवसायांना सेवा विकतात: कायद्याचा सल्ला, लेखापरीक्षण, जाहिरात, विमा, दलाली, सॉफ्टवेअर. त्या कुठे बसतात यावर लाखो लोकांचा रोजचा प्रवास ठरतो. म्हणून त्यांचा हिशेब समजून घेणं हे फक्त बिल्डर आणि नगररचनाकारांचं काम नाही.

हाताशी काय, माळ्यावर काय

स्वयंपाकघरात ओट्यापाशी जागा थोडी असते. तिथे मिसळणाचा डबा राहतो, कारण तो दिवसातून दहा वेळा लागतो. वर्षाच्या पापड-कुरडयांचे डबे मात्र माळ्यावर जातात. ते कमी महत्त्वाचे असतात असं नाही, पण त्यांच्याकडे हात रोज जात नाही. शहरातल्या जागेचंही असंच होतं. फरक इतकाच, की तिथे ओट्यापाशी कोण राहणार हे भाडं ठरवतं. मध्यभागी असण्याचा ज्याला सर्वांत जास्त फायदा, तो सर्वांत जास्त भाडं मोजायला तयार होतो आणि बाकीचे बाहेर सरकतात. विल्यम अलोन्सो या अभ्यासकाने १९६४ मध्ये हा हिशेब गणितात मांडला आणि शहरांच्या अर्थशास्त्राचा तो पाया ठरला.

आता हा फायदा नेमका कशाचा? समोरासमोर बसण्याचा. ऑफिसातली कामं ढोबळमानाने दोन जातींची असतात. काही कामं ठरलेल्या रीतीने होतात: पगारपत्रकं, विम्याच्या दाव्यांची नोंद, तक्रारींचे फोन. ती सूचना लिहून दिल्या की कुठेही होतात. दुसरी कामं अशी, की ज्यांत काय करायचं हेच बसून ठरवावं लागतं. दोन कंपन्या एकत्र यायच्या असतात, तेव्हा दोन्ही बाजूंचे वकील, लेखापरीक्षक, मालमत्तेचं मूल्य ठरवणारे, कर्ज देणाऱ्या बँकेची माणसं, सगळे एका टेबलाभोवती लागतात. मसुद्यातला एक शब्द बदलला की चौघांचे हिशेब बदलतात. समोरचा माणूस एखाद्या अटीवर किती अडून बसणार आहे, हे ईमेलवरून कळत नाही, चेहऱ्यावरून कळतं. रात्री अकराला सही व्हायची असेल, तर दहा मिनिटांत पोचणारा वकील हवा असतो.

शिवाय एकाच वकिली फर्मला दोन्ही बाजू घेता येत नाहीत. म्हणून एका चांगल्या फर्मजवळ दुसरी, तितकीच चांगली फर्म लागते. स्पर्धक शेजारी असणं इथे अडचणीचं नसून सोयीचं असतं.

ज्युनियर मंडळींनाही ही दाटी उपयोगी पडते. आर्टिकलशिप करणारा मुलगा किंवा नवी वकील मुलगी एका फर्मवर अवलंबून राहत नाही. लोकलचा पास न बदलता नोकरी बदलता येते. आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० मध्येच लिहून ठेवलं होतं, की एकाच धंद्यातली माणसं एका ठिकाणी जमली की त्या धंद्याचं ज्ञान तिथल्या हवेतच मिसळतं. तो कारखान्यांबद्दल बोलत होता. कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये ते आणखी खरं ठरतं. कोणत्या न्यायमूर्तींपुढे कोणतं प्रकरण कसं चाललं, कोणती फर्म माणसं घेते आहे, कोणता अशील पैसे बुडवतो, ही माहिती कुठेही छापली जात नाही.

हायकोर्टाच्या आवारापासून चालत

मुंबईच्या किल्ल्याच्या भिंती १८६० च्या दशकात पाडल्या गेल्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या पैशातून आजचं हॉर्निमन सर्कल आखलं गेलं आणि त्याच्या भोवती बँका व व्यापारी पेढ्या आल्या. १८६२ मध्ये हायकोर्ट स्थापन झालं, १८७८ मध्ये त्याची आजची इमारत पूर्ण झाली. टाउन हॉलजवळ झाडाखाली जमणाऱ्या शेअर दलालांनी १८७५ मध्ये आपली संघटना बांधली आणि दलाल स्ट्रीटला त्यांचं नाव मिळालं. पुढे रिझर्व्ह बँकेचं मुख्य कार्यालय १९३७ मध्ये कलकत्त्याहून कायमचं इथे आलं. न्यायालय, शेअर बाजार, मध्यवर्ती बँक आणि बंदर, सगळं पायी फिरण्याच्या अंतरात आलं.

याला जोड रेल्वेची. पश्चिम मार्ग चर्चगेटला संपतो, मध्य मार्ग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, आणि फोर्ट या दोघांच्या मधे. बोरिवलीचा अकाउंटंट आणि डोंबिवलीचा कारकून दोघांनाही पोचता येईल, अशी दुसरी जागा त्या काळी नव्हती. नोकर भरताना अर्ध्या शहराऐवजी पूर्ण शहरातून माणसं निवडता यावीत, ही कोणत्याही ऑफिसची पहिली गरज असते.

वकिलांचं बांधलेपण मात्र या सगळ्यांपेक्षा घट्ट. सकाळी एका कोर्टरूममध्ये बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, पुढे सरकतो आणि प्रकरण अचानक पुकारलं जातं. काउन्सेल, म्हणजे युक्तिवाद करणारे वकील, दुसऱ्या कोर्टात उभे असतात आणि ज्युनियर धावत जातो. कोर्ट उठल्यावर संध्याकाळी चेंबरमध्ये सॉलिसिटर आणि अशिलासोबत कॉन्फरन्स. हे वेळापत्रक अंधेरीहून सांभाळता येत नाही. हा हट्ट किती टोकाचा असू शकतो, ते काळा घोड्याजवळच्या एस्प्लनेड मॅन्शनने दाखवलं. लोखंडी सांगाड्याचं हे एकेकाळचं वॉटसन हॉटेल. सत्र न्यायालयाला लागून असल्याने त्यात वकिलांची ऑफिसं भरली. २००५ मध्ये इमारतीचा एक भाग कोसळला, एकाचा जीव गेला, तरी ऑफिसं चालूच राहिली. अखेर २०१९ मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर ती रिकामी झाली.

जिवाला धोका असलेल्या इमारतीत माणसं टिकून राहतात, त्यामागे कोर्टाइतकंच मोठं दुसरं कारण आहे: पागडी आणि भाडेनियंत्रण. १९४७ च्या कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. जुन्या भाडेकरूला नगण्य भाड्यात शहराचा मध्यभाग मिळाला आणि तो हलेना. ३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा लागू झाला. त्यात बँका, सार्वजनिक उपक्रम, परदेशी वकिलाती आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्यांचं संरक्षण काढून घेतलं गेलं. फोर्टाचं आजचं रूप समजायचं असेल, तर ही एक तरतूद नीट वाचावी. मोठ्या कंपन्यांना बाजारभावाने भाडं मोजायची वेळ आली. भाडं मोजायचंच, तर लिफ्ट धड नसलेल्या इमारतीत कशाला? त्यांना निघायला सबळ कारण मिळालं. एकट्याने वकिली करणारे आणि छोट्या भागीदारी फर्म यांचं संरक्षण कायम राहिलं, म्हणून पाट्याही राहिल्या.

दलालांना दलाल स्ट्रीट का लागेनाशी झाली

शेअर दलाल फोर्टात जमत, कारण सौदे रिंगणात ओरडून होत. भाव कानांनी ऐकावे लागत, हाताच्या खुणांनी सौदा ठरे, आणि शेअरची कागदी प्रमाणपत्रं पिशव्या भरून इकडून तिकडे न्यावी लागत. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने पडद्यावर सौदे सुरू केले. सुरुवातीचं ऑफिस वरळीत होतं, दलाल स्ट्रीटवर नव्हतं, आणि दलालांना उपग्रहाद्वारे देशातून कुठूनही जोडून घेता येत होतं. १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारानेही संगणकावर सौदे सुरू केले. १९९६ मध्ये शेअर संगणकावरच नोंदवण्याची डीमॅट व्यवस्था आली आणि प्रमाणपत्रांच्या पिशव्याही हळूहळू थांबल्या.

काही वर्षांच्या आत सौद्याच्या कामाची जात बदलली. जे समोरासमोर करावं लागत होतं, ते यंत्रावर होऊ लागलं. शेअर बाजाराची इमारत दलाल स्ट्रीटवरच राहिली, पण तिच्या सावलीत असण्याची किंमत उरली नाही. वकिलांच्या बाबतीत असं झालं नाही, कारण युक्तिवाद अजून मुख्यतः कोर्टात उभं राहूनच होतो.

एक योजना फसली, दुसरी जमली

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यात खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. दक्षिण टोकाला जाणारी माणसांची लाट वळवायची, तर राज्य सरकारने आधी स्वतः पलीकडे जावं, हा तिचा गाभा होता. १९७० मध्ये त्यासाठी सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली. बेलापूरला मध्यवर्ती व्यापारी जिल्हा म्हणून जागा दिली गेली. सरकार मात्र गेलं नाही. त्याच वर्षांत नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून काढलेल्या जमिनीवर एक्स्प्रेस टॉवर्स, एअर इंडियाची इमारत, ओबेरॉय हॉटेल उभी राहिली. १९८१ मध्ये विधान भवनाची नवी इमारतही तिथेच झाली. मंत्र्याला, सचिवाला भेटायचं असणाऱ्या प्रत्येक कंपनीला यातून संदेश मिळाला. नव्वदीच्या मध्यात नरिमन पॉइंटच्या भाड्यांची तुलना टोकियो आणि हाँगकाँगशी होत होती. इकडे लोकल गाडी खाडी ओलांडून वाशीला पोचली १९९२ मध्ये, म्हणजे सिडकोच्या स्थापनेनंतर बावीस वर्षांनी. बेलापूरला कोकण भवन आलं, कोकण रेल्वेचं मुख्यालय आलं, पण वकील, दलाल, सल्लागार यांची दाटी झाली नाही. नकाशावर जागा राखून ठेवल्याने ऑफिसं येत नाहीत.

लंडनने हाच धडा वेगळ्या रीतीने घेतला. जुन्या गोदीच्या जागेवर कॅनरी व्हार्फ उभारणारी ऑलिंपिया अँड यॉर्क ही कंपनी १९९२ मध्ये दिवाळखोरीत गेली. भुयारी रेल्वेची ज्युबिली लाइन तिथे पोचली १९९९ मध्ये. त्यानंतर जागा भरली. क्लिफर्ड चान्स ही मोठी वकिली फर्म २००३ मध्ये तिथे गेली, आणि पुढे तिने पुन्हा जुन्या सिटीत परतण्याचा निर्णय जाहीर केला.

बीकेसीचं गणित वेगळं होतं. मिठी नदीकाठची ही दलदलीची जमीन, सुमारे ३७० हेक्टर, १९७७ मध्ये महानगर प्रदेशाच्या विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे एमएमआरडीएकडे, सोपवली गेली. त्याच वर्षी बेट-शहरात नव्या ऑफिसांच्या वाढीवर निर्बंधही आले. तरी पुढची बरीच वर्षं तिथे फारसं काही घडलं नाही. घडलं ते मोठ्या संस्था हलल्या तेव्हा. राष्ट्रीय शेअर बाजार आला. शेअर बाजाराची नियंत्रक संस्था सेबी नरिमन पॉइंटच्या मित्तल कोर्टातून स्वतःच्या इमारतीत आली. बँका आल्या. २०१० मध्ये भारत डायमंड बोर्स सुरू झाली आणि ऑपेरा हाउसच्या पंचरत्न इमारतीभोवतीचा हिऱ्यांचा व्यापार आंगडियांसकट उत्तरेला सरकला. २०११ मध्ये अमेरिकेची वकिलातही आली. नियंत्रक आला की ज्यांच्यावर नियंत्रण आहे ते जवळ येतात, ते आले की त्यांचे सल्लागार येतात.

जागाही मोक्याची होती. एका बाजूला वांद्रे, दुसऱ्या बाजूला कुर्ला, म्हणजे पुन्हा पश्चिम आणि मध्य मार्गांच्या मधे. फोर्टाकडे असलेला हा गुण बीकेसीकडेही होता, आणि तोही लोकसंख्येच्या नव्या मध्यावर. २००१ ते २०११ या दशकात शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाखांवरून ३१ लाखांवर उतरली, तर उपनगर जिल्ह्याची ८६ लाखांवरून ९४ लाखांवर गेली. माणसं उत्तरेला गेली होती, ऑफिसं त्यांच्या मागे गेली. स्टेशनपासून ऑफिसपर्यंतच्या शेअर रिक्षांच्या रांगा मात्र कित्येक वर्षं कर्मचाऱ्यांच्या वाट्याला आल्या. तो त्रास भाड्याच्या आकड्यात कधी दिसला नाही.

चौकट: एक कंपनी, अनेक पत्ते

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही १९६८ मध्ये सुरू झालेली कंपनी पाहिली, तर कामांची वाटणी एका नजरेत दिसते. नोंदणीकृत कार्यालय वर्षानुवर्षं नरिमन पॉइंटच्या निर्मल इमारतीत. कॉर्पोरेट कार्यालय फोर्टातल्या टीसीएस हाउसमध्ये. प्रत्यक्ष सॉफ्टवेअर लिहिणारे हजारो हात मात्र अंधेरीचं सीप्झ, ठाणे, पवई अशा ठिकाणी. निर्णय आणि भेटीगाठी दक्षिणेला, मोठ्या मजल्यांची गरज असलेलं काम उत्तरेला. समाजशास्त्रज्ञ सास्किया सासेन यांनी १९९१ मध्ये न्यूयॉर्क, लंडन आणि टोकियोबद्दल हेच नोंदवलं होतं: ठरावीक कामं जगभर पसरतात, आणि त्यांचा ताबा ठेवण्याचं काम तितकंच थोड्या ठिकाणी एकवटतं.

गिरण्यांच्या जागेवरचे वकील

लोअर परळने यात आणखी एक फाटा काढला. १९८२ च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्यांच्या जमिनी १९९१ च्या आणि पुढे २००१ च्या विकास नियमांनी विकासाला खुल्या झाल्या. जाहिरात संस्था, माध्यमं, डिझाइन स्टुडिओ तिथे गेले. मोठे मजले, उंच छत आणि पार्किंग त्यांना फोर्टात मिळणं शक्य नव्हतं. गिरणगावातल्या माणसांचं काय झालं, हा प्रश्न या लेखाच्या आवाक्यापेक्षा मोठा आहे, पण तो विसरून या चकचकीत इमारतींकडे पाहू नये.

लक्षवेधी गोष्ट अशी, की वकीलही इथे आले. सिरिल अमरचंद मंगलदास आणि एझेडबी अँड पार्टनर्स यांची मुंबईतली ऑफिसं पेनिन्सुला कॉर्पोरेट पार्कमध्ये आहेत, खेतान अँड कंपनी जवळच्याच वन वर्ल्ड सेंटरमध्ये. या फर्मचं बरंचसं काम कंपन्यांचे करार, विलीनीकरण, गुंतवणूक असं असतं. त्यांना रोज लागतो तो अशील, न्यायमूर्ती नव्हे. लोअर परळहून फोर्ट आणि बीकेसी दोन्हीकडे जाता येतं. काउन्सेल मात्र हायकोर्टाजवळच्या चेंबरमध्येच राहिले. एकाच व्यवसायाचे दोन तुकडे झाले, आणि ते ज्याला रोज भेटावं लागतं त्याच्यानुसार पडले.

साहेबाचं घर

इतका हिशेब झाल्यावर एक गोष्ट सांगायला हवी, जी कोणत्याही कंपनीच्या अहवालात लिहिलेली नसते. विल्यम व्हाइट या अमेरिकी अभ्यासकाने न्यूयॉर्क सोडून बाहेर गेलेल्या ३८ कंपन्या तपासल्या. कर्मचाऱ्यांच्या सुखासाठी जात असल्याचं त्या सांगत होत्या. त्यांतल्या ३१ कंपन्या आपल्या मुख्य अधिकाऱ्याच्या घराजवळ गेल्या होत्या, सरासरी सुमारे आठ मैलांवर. मुंबईत मलबार हिल, कफ परेडला राहणाऱ्या मालकांना नरिमन पॉइंट जवळ होतं. वांद्रे, जुहू, पवईला राहणाऱ्या व्यवस्थापकांची नवी पिढी आली, तेव्हा उत्तरेकडची ऑफिसं तिला सोयीची वाटली. जागा ठरवताना दोन तासांचा लोकल प्रवास करणाऱ्याचा सल्ला क्वचितच घेतला जातो.

पुढची परीक्षा वांद्र्यात

२०२४ मध्ये वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीच्या जागेवर हायकोर्टाच्या नव्या संकुलाची पायाभरणी झाली. फोर्टाला धरून ठेवणारा सर्वांत जुना खांबच बीकेसीच्या शेजारी जाणार आहे. दुसरीकडे, आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली, आणि तिने हुतात्मा चौक व बीकेसी एका गाडीने जोडले. मेट्रोमुळे फोर्टात चेंबर ठेवून वांद्र्याला कोर्टात जाणं काही वर्षं निभेलही. पण बोर्डावर लक्ष ठेवून धावणाऱ्या ज्युनियरला ते परवडणार नाही. आधी काउन्सेल जातील, मग त्यांना ब्रीफ देणारे सॉलिसिटर, शेवटी टंकलेखक, झेरॉक्सवाले आणि नोटरी.

ते बसणार कुठे? फोर्टात दोनशे चौरस फुटांच्या खोल्या आहेत, कारण तिथले भूखंड लहान, इमारती जुन्या आणि भाडी कायद्याने बांधलेली. बीकेसीत २०१९ मध्ये जपानच्या सुमितोमो समूहातल्या कंपनीने सुमारे तीन एकरांचा एक भूखंड ८० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला, तो २,२३८ कोटी रुपयांना. अशा भूखंडावर बँक उभी राहते, एकट्या वकिलाची खोली नाही. गरीब पक्षकाराचं प्रकरण याच एकट्या वकिलाकडे येतं. म्हणून नव्या संकुलाचे नकाशे पक्के होत असतानाच, लहान चेंबरसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या खोल्या किती आणि कोणाला, हे राज्य सरकारने आणि वकील संघटनांनी ठरवून जाहीर करावं. इमारत उभी राहिल्यावर ते ठरवायला गेलं, तर आसपासची प्रत्येक चौरस फूट जागा आधीच कोणीतरी घेतलेली असेल.